भागूबाईंचा आडोसा

भागूबाईंचं खरं नाव विचारू नका. शाळेत एक होतं, लग्नात बदलून दुसरं ठेवलं, आणि दोन्ही नावांना कुणी कधी हाक मारली नाही. लहानपणी विहिरीत डोकवायला घाबरल्या म्हणून थोरल्या भावाने "भित्री भागूबाई" म्हणून चिडवलं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. नवरा भागू म्हणायचा, शेजारणी भागूबाई म्हणायच्या. पुढे परमुलखात गळ्यात ओळखपत्र घालायची वेळ आली, तेव्हा त्यावरही त्यांनी स्वतःहून हेच नाव सांगितलं. खरं नाव सांगितलं आणि कुणी त्या नावाने हाक मारली आणि आपण ओ द्यायला विसरलो तर, ही भीती.

बरं, नावाला जागणारी माणसं कमी असतात. भागूबाई जागल्या. गॅस बंद केला की नाही ते बघायला कोपऱ्यावरून घरी परत यायच्या. लिफ्टमध्ये एकट्या चढायच्या नाहीत, आणि आत आधीच कुणी असलं तर त्याला घाबरून चढायच्या नाहीत. फोन उचलला की लोक आधी हॅलो म्हणतात, त्या आधी "काय झालं?" म्हणायच्या. बातम्यांत वादळ आलं, मग ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला का असेना, उठून खिडक्या लावून घ्यायच्या. नवरा हसून म्हणायचा, "अगं, मरण आलं तरी तू आधी दाराच्या भोकातून बघशील." तो गेला तेव्हा त्यांनी खरंच दाराच्या भोकातून बघितलं होतं. बाहेर दवाखान्यातून निरोप घेऊन आलेला माणूस उभा होता. दार उघडायला त्यांना फार वेळ लागला.

त्यांची हयात बालवाडीत गेली. तिथे मात्र या भित्रेपणाचं सोनं झालं. बाकीच्या बाया मुलं खेळत असताना आपापसात गप्पा मारायच्या. भागूबाई कठड्यापाशी उभ्या राहून डोकी मोजायच्या. मोजून झाली की परत पहिल्यापासून. त्यांच्या वर्गातलं एक पोर कधी हरवलं नाही, की झोपाळ्यावरून पडलं नाही. मुख्याध्यापिका म्हणायच्या, या बाईंना शिकवता काही येत नाही, पण यांच्या वर्गाची मला काळजी नाही.

नवरा गेल्यावर मुलाने त्यांना आपल्याकडे, परदेशात नेलं. मुलगा आणि सून सकाळी कामाला जायचे, आणि भागूबाई दाराची साखळी लावून दाराजवळच्याच खुर्चीत बसायच्या. संध्याकाळी सून आली की तिला साखळी काढायला पाच वेळा "मीच आहे" म्हणून सांगावं लागायचं. ती मोठी हसरी आणि हडेलहप्पी बाई. एक दिवस म्हणाली, "आई, अशाने त्या दारालासुद्धा तुमच्याशिवाय करमेनासं होईल." भागूबाईंनी ते मनावर घेतलं नाही. सुनेने घेतलं.

त्या वर्षी त्या शहरात धावण्या-उड्यांची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरायची होती. देशोदेशीचे खेळाडू येणार, आणि पडद्यामागच्या कामाला विनावेतन माणसं हवी होती. सुनेने सासूला न विचारता तिचं नाव देऊन टाकलं. भागूबाईंना कळलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, मला तिथे काय येतंय? हरवले म्हणजे?"

"हरवलात तर शोधायला पोलीस आहेत."

"पोलीस!" भागूबाई आणखीच घाबरल्या.

"घाबरायचंच आहे ना आई, मग चार माणसांत बसून घाबरा. इथे एकट्या घाबरता, ते मला कामावर दिसत राहतं."

या शेवटच्या वाक्यामुळे भागूबाई निवडीला गेल्या.

निवड करणारी होती एक उंच, करड्या केसांची बाई. सगळे तिला मुख्य बाई म्हणायचे. तिथली भाषा भागूबाईंना कामापुरती येत होती. आपण ती आपल्याच भाषेत ऐकू. मुख्य बाईंनी विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" भागूबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "सगळ्याचीच." बाजूला बसलेल्या दोन तरण्या मुली फिसकन हसल्या. मुख्य बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला धीट माणसं नकोतच. धीट माणूस म्हणतो, काय होतंय, आणि फोन बघायला लागतो. तुम्ही माझ्याकडे या."

मुख्य बाईंचं काम होतं डोपिंगच्या चाचणीचं, म्हणजे खेळाडूने ताकदीची चोरटी औषधं घेतली का ते बघण्याचं. शर्यत संपली की काही खेळाडूंना चाचणीला बोलावतात. खेळाडूला निरोप दिल्या क्षणापासून ती चाचणीच्या खोलीत पोचेपर्यंत, आणि तिथे लघवीचा नमुना देईपर्यंत, एक सोबतीण तिच्या बरोबर राहते. ती पत्रकारांशी बोलली तरी, पाणी प्यायली तरी, कपडे बदलले तरी. बाईच्या सोबतीला बाईच. काम एवढंच, की तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. भागूबाईंच्या मनात आलं, म्हणजे बालवाडीच, फक्त पोर एकच आणि पायांत वारा भरलेलं.

तळघरातल्या एका पांढऱ्या खोलीत मुख्य बाईंनी सगळ्या सोबतिणींना बसवून कानमंत्र दिला. खोलीत झाकण न फोडलेल्या पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला फ्रिज होता, भिंतीला टेकून खुर्च्या होत्या आणि आतल्या बाजूला नमुना देण्याची खोली होती.

"लोक काय काय करतात ते तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही," मुख्य बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचा नमुना अंगावर लपवून आणतात. मधल्या वेळात काहीतरी घेऊन टाकतात. तुमचं लक्ष उडावं म्हणून रडतात, चक्कर आल्याचं दाखवतात, बायकांची अडचण सांगतात. तुम्ही दया दाखवायची नाही. बघत राहायचं. पापणी लवली तरी चालेल, मान वळली नाही पाहिजे."

मग त्या म्हणाल्या, "आणि एक लक्षात ठेवा. तुमची मान वळली, तर पुढे नमुना अगदी स्वच्छ निघाला तरी लोक म्हणणार, मधल्या वेळात काय केलं कोण जाणे. पोरीची सगळी वर्षं पाण्यात. चूक तुमची, भोगणार ती."

भागूबाईंना त्या रात्री नीट झोप लागली नाही. पण कामाला लागल्या, आणि पहिले दिवस तर असे पार पडले की वा. एका भालाफेक करणाऱ्या आडदांड बाईच्या मागे त्या इतक्या चिकटून फिरल्या, की त्या बाईने मुख्य बाईंकडे तक्रार केली, ही म्हातारी माझ्या टाचेवर पाय देते म्हणून. मुख्य बाईंनी भागूबाईंच्या पाठीवर थाप मारली. घरी सून म्हणाली, "बघा, तुमच्या भीतीला शेवटी नोकरी मिळाली." भागूबाईंना हसू आलं. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर त्या चक्क एकट्या उभ्या राहिल्या.

आणि मग लांब पल्ल्याची ती शर्यत आली.

त्या शर्यतीत तिसरी आलेली मुलगी कुणाच्या खिजगणतीत नव्हती. तिच्या देशाचं नाव पुकारणाऱ्यालासुद्धा नीट घेता येईना. अगदी शेवटच्या वळणावर तिने पुढच्या एकीला मागे टाकलं, रेषेपलीकडे जाऊन गुडघ्यांवर बसली आणि तशीच राहिली. आपणही तिला तिसरीच म्हणू. जिला तिने मागे टाकलं ती चौथी.

भागूबाई ओळखपत्र दाखवून पुढे झाल्या आणि चाचणीच्या निरोपाचं कार्ड तिच्यासमोर धरलं. तिसरीने ते बघून मान हलवली. तिची भाषा भागूबाईंना येत नव्हती, त्यांची तिला येत नव्हती. मुलगी अंगाने काटकुळी, वयाने बालवाडीतल्या पहिल्या पहिल्या पोरांपैकी एखादीच्या मुलीएवढी. तिने कुणाचा तरी टॉवेल घेऊन कमरेला गुंडाळला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. पत्रकारांनी आवाज दिले, तिने लक्ष दिलं नाही. तिने कपडे बदलायच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि जवळजवळ पळतच सुटली. मागोमाग भागूबाई, धापा टाकत, डोळे तिच्या पाठीवर रोवून.

कपडे बदलायची खोली म्हणजे लांबलचक उघडी जागा. मध्ये बाक, भिंतींना खुंट्या, फरशीवर ओल्या पावलांचे ठसे, मलमाचा वास. त्या वेळी आत कुणी नव्हतं, पण दार सतत ढकललं जाणारं. तिसरी पार कोपऱ्यात गेली. आपली पिशवी उघडली, आणि भागूबाईंकडे बघून बोट गोल फिरवलं. तिकडे तोंड करा.

भागूबाईंनी मान हलवली. नाही.

मुलीने पुन्हा बोट फिरवलं. तिने दाराकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं, आणि मग भागूबाईंकडे अशा नजरेने बघितलं, की बालवाडीत चड्डी ओली केलेलं पोर सगळ्यांच्या आधी बाईंकडे बघतं ना, तसंच.

पुढचं भागूबाईंनी केलं असं म्हणता येणार नाही, त्यांच्या हातांनी केलं. प्रवासात, दवाखान्यात, नदीकाठी, स्टेशनच्या बाकापाशी, बायका बायकांसाठी जे वर्षानुवर्षं करत आल्या तेच. त्यांनी अंगातलं स्वयंसेवकाचं जॅकेट काढलं, दोन्ही हातांनी पसरून मुलीसमोर धरलं, आणि मान भिंतीकडे फिरवली. आडोसा धरायचा म्हणजे मान फिरवायचीच. टक लावून आडोसा धरणारी बाई आजवर कुणी बघितली आहे का?

पलीकडे कपड्यांची सळसळ झाली. मग काहीतरी चुरगळल्याचा आवाज आला, प्लास्टिकचा किंवा चंदेरी कागदाचा. मग जरा वेळ काहीच आवाज नाही.

तेवढ्यात दार उघडलं. दारात चौथी उभी होती. तिने पसरलेलं जॅकेट बघितलं, भिंतीकडे तोंड केलेल्या भागूबाईंना बघितलं, आणि दार लावून निघून गेली.

आणि तेव्हा भागूबाईंना ते वाक्य आठवलं. मान वळली नाही पाहिजे.

त्यांनी झटकन वळून बघितलं, तर मुलगी काळ्या विजारीत उभी, एका हाताच्या पाठीने तोंड पुसत होती, आणि दुसऱ्या हाताने पिशवीची चेन ओढून बंद करत होती. ती भागूबाईंकडे बघून हसली. भागूबाईंना हसता आलं नाही. ती तोंड का पुसत होती? आणि तो चुरगळल्याचा आवाज, गोळ्यांच्या पाकिटाचा तर नव्हे? तशीच काही अडचण असेल पोरीची, एक मन म्हणालं. हेच निमित्त सांगतात म्हणून बजावलं होतं ना, दुसरं मन म्हणालं. भागूबाईंचं दुसरं मन जन्मभर पहिल्यापेक्षा जोरात बोलत आलेलं होतं.

तळघराच्या जिन्यावर त्यांना जॅकेटची चेन लावता येईना, म्हणून ती तशीच उघडी सोडून त्या मुलीच्या मागे चालल्या.

पांढऱ्या खोलीच्या दारात मुख्य बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पूर्ण वेळ नजरेसमोर होती ना?"

"हो," भागूबाई म्हणाल्या.

विचार करून नाही म्हणाल्या. बाईंनी विचारलं की हो म्हणायचं, ही त्यांची पहिल्या इयत्तेपासूनची सवय. शब्द तोंडातून गेला, आणि तो परत घ्यायचा म्हणजे पहिल्यापेक्षा मोठं धाडस. त्या मुकाट्याने मुलीशेजारच्या खुर्चीत बसल्या.

आता नमुना द्यायचा तर लघवी व्हायला हवी, आणि एवढं धावून अंगातलं पाणी सगळं घामावाटे गेलेलं. मुलगी फ्रिजमधली एकेक बाटली काढून प्यायची, आतल्या खोलीकडे बघायची, मान हलवायची आणि परत बसायची. वाट बघण्याखेरीज काही काम नाही. भीतीला असली रिकामी जागा फार मानवते. भागूबाईंच्या डोक्यात ती फोफावली. चौथी सांगणार. आपण खोटं बोललो हे उघडं पडणार. मुलाला त्याच्या कामावर बोलावून विचारणार. आपल्याला हाताला धरून विमानात बसवणार. पेपरात फोटो येणार, खाली लिहिलेलं, भागूबाई. आणि या मुलीचं तिसरं स्थान काढून घेणार. सगळ्या भीत्यांत ही शेवटची येऊन बसली आणि मग हलेना. ती निर्दोष असली तर आपण तिची माती केली. आणि दोषी असली तर आपण तिच्या चोरीला चादर धरली.

मुलगी इतकी दमलेली होती, की बसल्या बसल्या तिची मान कलंडली आणि भागूबाईंच्या खांद्याला टेकली. घामाने चिकटलेले केस, गालावर मातीचा फराटा. भागूबाई अंग चोरून बसल्या. हे डोकं लबाड आहे की निष्पाप, काही केल्या कळेना. झाडणारा आला आणि त्याने वाटेतली तिची पिशवी जरा सरकवली. तशी मुलगी दचकून जागी झाली, पिशवी ओढली आणि दोन्ही पायांत दाबून धरली. असं काय आहे त्या पिशवीत? भागूबाईंना पाणी हवं होतं. समोर बाटल्यांनी भरलेला फ्रिज होता, पण उठून एक घ्यायची हिंमत होईना.

आणि मग दारावर टकटक झाली.

आत आला तो चौथीचा प्रशिक्षक. जाडजूड, लाल तोंडाचा, रागाने फुललेला. त्याच्या मागे दारात चौथी, रडून डोळे सुजलेले. प्रशिक्षकाने मुख्य बाईंना सांगायला सुरुवात केली ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी.

"माझ्या मुलीने डोळ्यांनी बघितलंय. ही तुमची बाई," त्याने भागूबाईंकडे बोट दाखवलं, "ही भिंतीकडे तोंड करून उभी होती. असं कापड धरून." त्याने दोन्ही हात पसरून कापड धरल्याची नक्कल केली आणि मान वाकडी करून दाखवली. "आणि त्या कापडामागे ती! काय करत होती, कुणी सांगायचं? असली सोबतीण असेल तर तिची शर्यत धरू नका. तिसरा नंबर माझ्या मुलीचा आहे."

मुख्य बाई भागूबाईंकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "तुम्ही हो म्हणाला होतात. मी पुन्हा विचारते. पूर्ण वेळ नजरेसमोर होती?"

आता इथे एखादी धीट बाई असती, तर दुसऱ्यांदा हो म्हणाली असती. तिचा शब्द आणि चौथीचा शब्द, फिटंफाट. पण खोटं रेटायलाही छाती लागते, आणि ती भागूबाईंना देवाने दिलीच नव्हती. लोक धैर्याने खरं बोलतात म्हणे. भागूबाई भीतीने खरं बोलल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी मान वळवली होती. तिने सांगितलं म्हणून. जॅकेट धरलं होतं मी. आडोसा. मघाशी मी खोटं बोलले. चूक माझी आहे. तिचं तिसरं काढू नका हो."

"ऐकलंत?" प्रशिक्षक म्हणाला. "मध्ये काय झालं ते हिला स्वतःलाच ठाऊक नाही!"

ते खरंच होतं. भागूबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी मुलीकडे बघितलं, आणि आत्ता तिला काय वाटत असेल या विचाराने त्यांना भरून आलं.

मुलीला बोलणं कळत नव्हतं, पण प्रशिक्षकाने केलेली नक्कल तिने बघितली होती. पसरलेले हात, वाकडी मान. तिने त्याच्याकडे बघितलं, चौथीकडे बघितलं, भागूबाईंकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला आणि मग एकदम लाल झाला. ती उठली. पायांतली पिशवी उचलून तिने टेबलावर ठेवली आणि चेन सर्रकन ओढली.

तिने आतून टॉवेलची गुंडाळी काढली आणि सोडली. आत तिची धावायची फिकट निळी चड्डी होती. मागच्या बाजूने रक्ताने माखलेली. तिच्याबरोबर चुरगळलेलं प्लास्टिकचं वेष्टन, पॅडचं, आणि तोंड-हात पुसलेले ओले कागद. तिने एकेक वस्तू दिव्याखाली, टेबलाच्या मधोमध मांडली आणि दोन्ही हात बाजूला सोडून ताठ उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला हात वर गेला नाही. बघा आता, असं ती बोलली नाही, तरी खोलीत सगळ्यांना ऐकू आलं.

भागूबाईंचा हात आपोआप जॅकेटकडे गेला, आणि भीतीने तिथेच थांबला.

आणि प्रशिक्षक? त्या जाडजूड माणसाने चटकन मान फिरवली. फ्रिजकडे तोंड करून उभा राहिला.

मुख्य बाई म्हणाल्या, "तक्रार तुमची आहे. टेबलावर काय आहे ते नीट बघा आणि सांगा."

"आधी तिला ते झाकायला सांगा," प्रशिक्षक फ्रिजकडे बघत पुटपुटला.

"झाकलं तर कोण जाणे मध्ये काय झालं, असं म्हणाल. बघा ना. मान का वळवलीत?"

त्याची मान लाल होत गेली. दारातून चौथी पुढे आली. इतका वेळ ती रडत होती, आता थांबली होती. तिने टेबलापाशी येऊन टॉवेलची टोकं उचलली आणि सगळं अलगद झाकलं. मग आपल्या प्रशिक्षकाच्या बाहीला धरून म्हणाली, "चला. मला हिला हरवायचं होतं, ते मैदानावर." तो गेला. जाताना तक्रार मागे घेतो असं काहीसं बोलला, पण मान वर केली नाही.

भागूबाईंना वाटलं, सुटलो. तर मुख्य बाई त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही नियम मोडलात. आणि मला खोटं सांगितलंत. जे झालं ते सगळं मला वर कळवावं लागेल. जॅकेट आणि ओळखपत्र द्या. उद्यापासून येऊ नका."

"हो." या वेळचं हो खरं होतं. "पण हिचं तिसरं जाईल का?"

"ते नमुना ठरवील. आणि मी आज काय बघितलं ते मी सांगेन."

दुसरी सोबतीण आली आणि मुलीशेजारी बसली. भागूबाईंनी जॅकेट घडी घालून टेबलावर ठेवलं. मुलीने हात पुढे केला, पण नवी सोबतीण टक लावून बघत होती, म्हणून भागूबाईंना तो हात धरायचीही भीती वाटली. त्या नुसती मान हलवून बाहेर पडल्या.

घरी आल्यावर मुलाने डोक्याला हात लावला. "आई, कबूल कशाला केलंस? शब्दाला शब्द होता."

"खोटं बोलायची भीती वाटली रे."

सुनेने उठून दाराची साखळी स्वतःच्या हाताने लावली, सासूला बरं वाटावं म्हणून.

आता तुमचा जीव टांगणीला ठेवत नाही. नमुन्याचा निकाल पुढे काही आठवड्यांनी आला, स्वच्छ आला, आणि तिसरीचं तिसरं कुणी काढलं नाही. पण ते पुढे. भागूबाईंनी ते सगळे आठवडे जेवणावरची वासना जाऊन काढले. फोन वाजला की "काय झालं?" असंसुद्धा म्हणायचं धाडस होत नव्हतं, फोन तसाच सुनेकडे द्यायच्या.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पदकं द्यायची होती. सुनेने बळेच टीव्ही लावला. भागूबाई दाराजवळच्या खुर्चीत, निम्म्या दाराच्या पडद्याआड लपून.

तिघी पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. तिसरी सगळ्यांत खालच्या पायरीवर, अंगात नवा कोरा पोशाख. तिच्या गळ्यात पदक घातलं. मग तिघींनी आपापले झेंडे हातात घेतले. पहिलीने खांद्यांवर घेतला, दुसरीने डोक्यावर फडकवला. तिसरीने मात्र तो दोन्ही हातांनी टोकांना धरून समोर पसरला, छातीपासून गुडघ्यांपर्यंत, दोरीवर कपडा धरावा तसा. आणि तशीच उभी राहून तिने मान बाजूला वळवली. पार वळवली, भिंतीकडे बघावं तशी.

"आनंदाश्रू लपवते आहे," टीव्हीवरचा माणूस म्हणाला.

"लाजली गं बिचारी," सून म्हणाली.

भागूबाईंच्या काळजात लख्ख झालं, आणि पाठोपाठ धस्स झालं. अगं बये, हे काय करतेस! साऱ्या जगासमोर! कुणाच्या लक्षात आलं म्हणजे? त्यांनी घाबरून टीव्हीवरून मान फिरवली. मग त्यांना मुख्य बाईंचं वाक्य आठवलं. त्यांनी मान परत वळवली, आणि मुलगी पायरीवरून उतरून दिसेनाशी होईपर्यंत तिच्यावरून नजर हलू दिली नाही.